बेळगावच्या उपनगरात घर बघताय? आधी विचारा, इथं काय पिकत होतं

दर मे महिन्यात मला चार-दोन फोन ठरलेले असतात. कुणाचा पोरगा उद्यमबागेतल्या कारखान्यात लागलेला असतो, कुणाच्या सुनेला सिव्हिलमध्ये नोकरी मिळालेली असते, कुणी पुण्यात पंचवीस वर्षं काढून आता ‘गावाकडं’ परतायचं म्हणत असतं. चंदगड, खानापूर, निपाणी, गडहिंग्लज, कुठूनही. प्रश्न एकच: बेळगावात घर कुठं बघायचं? आणि पाठोपाठ पुस्ती असते, गावात नको हं, जरा बाहेर.

माझ्या वडिलांच्या पिढीला हे ‘बाहेर’ चालत नव्हतं. शहापुरातली गल्ली सोडून कुणी रेल्वे गेटाच्या पलीकडं घर बांधलं की ‘काय रानात जाऊन बसलाय’ म्हणायचे. आता त्याच रानात दवाखाने, शाळा, कपड्यांची मोठाली दुकानं आहेत आणि गल्लीतल्या घरांना कुलपं लागायला लागलीत. चार भावांत वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा फुटांचं तोंड आलं, त्यात मोटारसायकल आत घेतली की माणसानं आडवं होऊन जायचं. त्यात २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव लागलं आणि शहर खोदायला घेतलं. काही वर्षं नुसती धूळ खाल्ली. पण त्यातनं रस्ते रुंद झाले, मध्यवर्ती बसस्थानक नवं झालं, गोगटे सर्कलचा जुना पूल पाडून नवा झाला, तिसऱ्या रेल्वे गेटावर उड्डाणपूल आला, २०२३ मध्ये रेल्वे स्टेशनची नवी इमारत उघडली. गंमत अशी की शहर सुधारलं आणि फायदा झाला उपनगरांचा. गावात जायला वीस मिनिटं पुरतात म्हटल्यावर गावात राहायचं कशाला?

तर हा लेख त्या फोनवाल्यांसाठी. फोनवर सगळं सांगून होत नाही.

आधी दिशा ठरवा, मग घर

बेळगावात उपनगर म्हणजे मोकळ्या माळावर आखलेली कॉलनी असं क्वचितच असतं. प्रत्येक नगराच्या पोटात एक जुनं गाव आहे: अनगोळ, वडगाव, मजगाव, हिंडलगा, कणबर्गी, कुडची. तुम्ही ज्याला ‘लेआऊट’ म्हणता ते त्या गावाचं शिवार. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढच्या निम्म्या अडचणी आधीच दिसायला लागतात.

नोकरी उद्यमबाग, मच्छे किंवा विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या बाजूला असेल तर दक्षिण बघा: भाग्यनगर, अनगोळ, राणी चन्नम्मानगर, मजगाव, पिरनवाडी, मच्छे. सगळ्यात सोयीचा पट्टा हाच, आणि म्हणून सगळ्यात गर्दीचाही. फाउंड्र्यांच्या शिफ्टा सुटतात त्या वेळी एकदा खानापूर रोडवर उभं राहून बघा आणि मग ठरवा.

पश्चिमेला हिंडलगा, गणेशपूर, लक्ष्मीटेक, बेनकनहळ्ळी, सावगाव. तांबडी माती, झाडी, कॅम्पची म्हणजे लष्करी छावणीची शांतता, उन्हाळ्यात संध्याकाळी गार वारा. बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणतात ते खरं या बाजूला पटतं. चंदगडकडच्या माणसाला वेंगुर्ले रोडनं बाची, शिनोळी करत थेट घर गाठता येतं, त्यामुळं तिकडचे लोक इथंच वसतात. रान जवळ आहे याची खूण म्हणून सांगतो: २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत येऊन बसला आणि आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. पोरं खूश होती.

आग्नेयेला वडगाव, जुने बेळगाव, येळ्ळूर रोड, धामणे रोड. मराठी वस्ती दाट, माग आणि शेती दोन्हींचा आवाज, बाजारहाट स्वस्त. मनानं मला हाच पट्टा आवडतो, पण घर घेताना सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात तेही इथंच. कारण पुढं सांगतो.

उत्तरेला रामतीर्थनगर, कणबर्गी, महांतेशनगर, पलीकडं काकती आणि होनग्याची औद्योगिक वसाहत. पूर्वेला मुतगा, सांबरा. हमरस्ता जवळ, विमानतळ जवळ. सांबऱ्याच्या आसपास बांधायचं असेल तर विमानतळामुळं इमारतीच्या उंचीवर बंधन येतं, कॅम्पला लागून असेल तर लष्कराच्या हद्दीचा प्रश्न येतो. दोन्हीकडं दोन मजल्यांच्या वर जायचा विचार असेल तर आधी परवानगीचं बघा.

एक पोटनियम: घर आणि कामाची जागा यांच्या मध्ये रेल्वेचं गेट येतंय का ते बघा. ‘गेट पडलंय’ हे बेळगावात उशिराचं सर्वमान्य कारण आहे. साहेबही काही बोलत नाही, कारण तोही कधीतरी अडकलेला असतो. पण रोज दोनदा अडकणार असाल तर महिनाभरात चिडचिड सुरू होते.

इथं काय पिकत होतं?

चार वर्षांपूर्वी मेव्हण्यासाठी येळ्ळूर रोडच्या बाजूला प्लॉट बघायला गेलो होतो. एप्रिलचा महिना. जमीन खडखडीत, चुन्यानं आखलेल्या रेषा, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगवलेले दगड, वर लाल-पिवळी निशाणं. एजंट तीस फुटी रस्ता, बागेची जागा, शाळा दहा मिनिटांवर असं पाठ म्हणून दाखवत होता. बांधावरनं एक म्हातारा म्हशी घेऊन चालला होता. मी विचारलं, ‘‘मामा, इथं काय पिकायचं?’’

‘‘बासमती. आणि मागनं मसूर.’’

‘‘पावसाळ्यात पाणी कुठवर येतंय?’’

म्हाताऱ्यानं हातातली काठी गुडघ्यापाशी आडवी धरली. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘एकोणीस सालात हिथवर,’’ आणि काठी कमरेपर्यंत वर नेली. एजंट मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

बासमती आणि मसूर या दोन शब्दांत सगळा माती परीक्षणाचा अहवाल आहे. बेळगाव बासमती पिकतो तो वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, धामणेच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या शिवारात. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. म्हणजे ती जमीन मुळात पाणी साठावं अशीच आहे. त्यातून बळ्ळारी नाला जातो. गाळ आणि जलपर्णीनं तुंबला की जोराच्या पावसात तो पात्र सोडतो आणि दर एक-दोन वर्षांनी भात कुजल्याच्या बातम्या येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नाल्याकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. भात चार दिवस पाण्याखाली तग धरतो, फ्रीज धरत नाही.

काळ्या मातीचा दुसरा गुण म्हणजे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यावर उथळ पाया घातला की तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि तो खर्च प्लॉटच्या दरात कुणी सांगत नाही. स्वस्त प्लॉट आणि महाग पाया, बेरीज तीच.

आणि जर उत्तर आलं की इथं नाचणी होती, भुईमूग होता, रताळी होती, तर? रताळं हे पश्चिम भागाचं पीक, ते पाण्यात उभं राहत नाही. म्हणजे जमीन उताराची, निचऱ्याची. पाया सोपा. पण मग दुसरा प्रश्न विचारायचा: बोअरला पाणी किती फुटांवर लागलं? माळावर घर कोरडं राहतं आणि टाकीही कोरडी राहते.

म्हणून पहिली पायरी हीच धरा. एजंटला नव्हे, बांधावरच्या माणसाला विचारा. आणि विचारताना ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणा, ‘साहेब’ नको. साहेब म्हटलं की तो बिचकतो आणि ‘चांगलं हाय की’ एवढंच सांगतो.

घर जुलैत बघा

बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून येतो, आणि तो पडत नाही, झोडपतो. गणेशपूरच्या बाजूला मी पहिलं भाड्याचं घर घेतलं ते फेब्रुवारीत. भिंतींना नवा ऑईलपेंट, खिडकीतून समोर हिरवा डोंगर, बायको खूश. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग उठला, गणपतीपर्यंत त्याचा नकाशा झाला. त्या भिंतीला लागून कपाट होतं. दिवाळीला उघडलं तर बायकोच्या लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी. घरमालक म्हणाले, ‘‘यंदा पाऊसच जास्त झाला.’’ पुढच्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. घर पावसाळ्यात बघायला मिळालं तर उत्तम. नाहीच जमलं तर पश्चिमेची भिंत बाहेरून बघायची. तिच्यावर पत्रे मारलेत का, निदान पत्रे किंवा प्लास्टिक बांधायच्या खिळ्यांच्या खुणा आहेत का? शेजारच्या घरांनी त्या बाजूला काय केलंय? शेजारच्या चारही घरांनी पत्रे मारलेत आणि आपल्याच भिंतीला ताजा रंग आहे, तर समजून जा. आतल्या कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. पेंटचा वास झाकता येतो, कुबट वास झाकता येत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर खालून दीड-दोन फुटांवर एक आडवी मातकट रेघ दिसली तर ती सजावट नव्हे, पुराची खूण आहे.

पाणी कुठलं, कधी, किती

शहराला पाणी दोन ठिकाणांहून येतं: मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. राकसकोपची पूर्ण पातळी २४७५ फूट. जुलैत वर्तमानपत्रात ‘राकसकोप भरलं’ ही बातमी आली की बेळगावकर निःश्वास टाकतो. हा आकडा पाठ करून ठेवा. चहाच्या गाड्यावर कुणी ‘किती झालं?’ असं विचारलं तर तो क्रिकेटबद्दल विचारत नसतो.

२००८ पासून शहरातल्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आहे, बाकीकडं त्या कामाच्या पाइपा पडताहेत. तोवर जिथं जाल तिथं नळ किती दिवसांआड येतो हे विचारा, आणि मालकाला विचारू नका, शेजारच्या वहिनींना विचारा. मालक ‘पाण्याचा प्रॉब्लेमच नाही’ म्हणतो. वहिनी सांगतात, ‘‘पाचव्या दिवशी येतंय, पहाटे चारला, दीड तास, आणि वरच्या टाकीत चढत नाही.’’ एवढं कळलं की जमिनीतली टाकी किती मोठी हवी ते आपोआप ठरतं. चौघांच्या घराला पाच दिवसांचं पाणी म्हणजे कितीही काटकसर केली तरी दोन-अडीच हजार लिटर धरा.

महापालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीचं पाणी, बोअर किंवा विहीर. जुन्या वस्तीत आड असलेलं घर मिळालं तर सोडू नका. टिळकवाडी, शहापूर, अनगोळमध्ये अशी घरं अजून आहेत. मात्र दोन गोष्टी तपासा: आड आणि सेप्टिक टँक यांच्यातलं अंतर, आणि शेजाऱ्याचा सेप्टिक टँक. दुसरी गोष्ट सगळे विसरतात. हद्दीबाहेर भूमिगत गटार बहुधा नसतं, प्रत्येकाचा आपापला खड्डा असतो.

आधी भाड्यानं राहा

हे कुणालाच आवडत नाही, तरी सांगतो. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्यानं काढा, मग खरेदीचं बोला. त्या भागाची जत्रा, चिखल, गेट, पाणी, डास सगळं कळतं. भाडेकरार साधारण अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का, कापले तर किती, हे आधीच लिहून घ्या. भांडणं होतात ती इथंच. ‘लीजवर’ घर हा प्रकार महाराष्ट्रातून येणाऱ्याला नवा वाटतो: मोठी रक्कम एकदम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. सोयीचं आहे, पण मालकानं तुमचे पैसे दुसरीकडं गुंतवलेले असतात. म्हणून लीजचा कागद सब-रजिस्ट्रारकडं नोंदवल्याशिवाय आणि घरावर बँकेचा बोजा आहे का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरं शोधायला वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती आणि मोबाइल आहेतच. पण चांगली घरं पाटीवरच जातात. पाटी कन्नडमध्ये असते: ‘मने बाडिगेगे इदे’, घर भाड्यानं देणे आहे. अक्षर येत नसेल तर पाटीचा फोटो काढून कुणालाही दाखवा.

खरेदी करायची तर कागद

इथं घाई केली की आयुष्यभर कोर्ट आणि कचेरी. वकील चांगला धराच, पण वकिलाकडं जायच्या आधी तुम्हाला एवढं तरी कळायला हवं.

जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. महापालिका, ग्रामपंचायत की नगरपंचायत? मच्छे आणि पिरनवाडी ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली, आजूबाजूला आणखीही हद्दी बदलत राहतील. शहरात ई-खाता, म्हणजे मालमत्तेची महापालिकेतली संगणकीय नोंद, मागा. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तूचा (तिथल्या मालमत्तांची संगणकीय नोंद) फॉर्म ९ आणि ११ए मागा, ज्यावर जागेचं मोजमाप, चतुःसीमा आणि फोटो असतो. हातात फक्त ११बी, म्हणजे मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा, ठेवला तर थांबा. पंचायत कर घेते याचा अर्थ लेआऊट मंजूर आहे असा होत नाही. शहरातल्या बी-खात्याचंही तसंच.

मग मागचा कागद. शेतजमीन होती तेव्हाचा उतारा, डायरी उतारे (फेरफाराच्या नोंदी), जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती म्हणजे एनए आदेश, आणि बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआऊट मंजुरी. ‘एनए झालंय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एनए म्हणजे जमीन घरासाठी वापरायची परवानगी. त्यात रस्ता किती, गटार कुठं, मोकळी जागा किती हे लेआऊट मंजुरीत ठरतं. गुंठ्यानं विकलेली जमीन ही तर वेगळीच डोकेदुखी. सर्व्हे नंबरचा तुकडा पाडायचा तर ११ई, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणीचा सरकारी नकाशा लागतो. तो नसताना ‘दोन गुंठे तुमचे’ म्हणून कुणी बोट दाखवलं तर ते बोटच तुमचं. ५०० चौरस मीटरच्या वरचा लेआऊट असेल तर रेराचा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

ई.सी. म्हणजे बोज्याचा दाखला कावेरी पोर्टलवरून काढता येतो. व्यवहार झालेले असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६. वकील तीस वर्षांची मागतील, द्या.

आणि बहिणी. बेळगावात निम्मे दावे ‘बहिणींच्या सह्या घेतल्या नाहीत’ यावरच उभे असतात असं आमचे वकील म्हणतात. कर्नाटकात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क १९९४ पासूनच आहे, देशभर २००५ पासून झाला. विकणारे तीन भाऊ गोडीनं चहा पाजत असतील तर चहा पिऊन विचारा, ‘‘बहिणी किती? कुठं दिल्यात?’’ वंशावळ मागा आणि प्रत्येक नावापुढं सही किंवा हक्कसोड आहे का ते बोट ठेवून बघा.

आणखी एक, खास बेळगावचं. हलगा-मच्छे बायपासच्या जमिनीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन आणि कोर्टबाजी कित्येक वर्षं चालली. रिंग रोडसाठीही तालुक्यातल्या अनेक गावांतले सर्व्हे नंबर अधिसूचित झालेत. तुमचा नंबर त्यात आहे का हे तपासल्याशिवाय संचकार म्हणजे विसार देऊ नका. ‘रिंग रोड जवळ’ अशी जाहिरात असते. जवळ म्हणजे शेजारून की मधून हे जाहिरातीत नसतं.

संचकारपत्र झालं, खरेदीपत्राची वेळ आली की खर्चाचा हिशोब असा: मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि अधिभार मिळून शहरात ५.६ आणि ग्रामीण भागात ५.६५. नोंदणी फी आधी १ टक्का होती, ती २०२५ च्या ऑगस्टअखेरीस २ टक्के झाली. म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर बाजूला काढून ठेवा, वकील आणि धावपळ वेगळी. खरेदी झाली की खात्यावर नाव चढवून घ्या. पुष्कळ लोक खरेदीपत्र कपाटात ठेवून निवांत होतात आणि दहा वर्षांनी मुलीच्या लग्नाला कर्ज काढताना कळतं की खात्यावर अजून जुना मालक आहे.

राहायला आल्यावरची किरकोळ कामं

विजेचं बिल हेस्कॉमचं. गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आतलं घरगुती बिल माफ होतं, ठरलेल्या सरासरीच्या हिशोबानं, आणि भाडेकरूलाही ती मिळते. पण आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरला जोडलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो. किल्ली घेताना मालकाकडून हे करून घ्या. नंतर जुना भाडेकरू फोन उचलत नाही.

आधारवरचा पत्ता लवकर बदला. घरातल्या बायकांना त्याचा रोजचा फायदा आहे: जून २०२३ पासून राज्यात साध्या बसला महिलांना तिकीट नाही, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. चंदगडच्या पत्त्यावर कंडक्टर पैसे घेतोच. मतदार यादीसाठी फॉर्म ८. गाडी एमएच-०९ ची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणून बारा महिन्यांच्या आत केए-२२ करून घ्या. कर भरताना जीवावर येतं, पण चौकात रोज पावती फाडण्यापेक्षा बरं.

मुलं. मराठी माध्यमाच्या शाळा शहरात आणि खेड्यांत आहेत, काही फार चांगल्या आहेत. पण कुठलंही माध्यम घेतलं तरी कन्नड शिकावंच लागतं. पाचवी-सहावीत महाराष्ट्रातून आलेल्या पोराला पहिले सहा महिने जड जातं. शिकवणी लावा, आणि शक्य असेल तर बदली लहान वयात करा. मोठ्यांसाठी ‘कन्नडा स्वल्प स्वल्प बरुत्ते’ एवढं वाक्य तोंडात असू द्या. कचेरीतल्या खिडकीपलीकडचा माणूस त्यावर हसतो आणि बहुतेक वेळा मराठीत उत्तर देतो.

दोन तारखा कॅलेंडरवर खूण करा. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांची, काळ्या दिनाची फेरी असते. ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी, पण त्या दिवशी सामानाचा टेम्पो काढू नका. आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची पारंपरिक शिवजयंती, तिच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री गावात गाडी घालू नका, चालत जा आणि बघा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हलग्याच्या सुवर्णसौधाच्या बाजूला मोर्चे आणि पोलिस असतात, तेव्हा हमरस्त्यानं जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघावं.

गावाचे वार

शेवटची गोष्ट कागदावर कुठंच नसते. आषाढात इथल्या गावांत वार पाळतात. ठरलेल्या वारी शेतात कुणी औत घालत नाही, बरेच व्यवहार थांबतात, देवीला गाऱ्हाणं घालतात, आणि शेवटी यात्रा होते. वडगावची मंगाई यात्रा त्यातली मोठी. महालक्ष्मीची यात्रा काही गावांत कित्येक वर्षांनी एकदा येते. तेव्हा घरोघर रंग काढतात, पाहुण्यांसाठी मांडव घालतात, आणि भाडेकरूच्या घरातही वीस ताटं वाढली जातात.

आमच्या शेजारी बंगळूरहून आलेलं एक जोडपं. वरच्या मजल्याचं काम काढलं होतं, स्लॅबचा दिवस मंगळवार ठरवला. काँक्रीटची गाडी आली, गवंडी नाही, बिगारी नाही. दहा फोन केले, एकानंही उचलला नाही. शेवटी समोरच्या आज्जी दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘आज वार हाय बाळा. उद्या सांगिटलं असतं तर सगळे आले असते.’’ त्यानं गाडी परत पाठवली, पैसे गेले. मग आज्जींनी त्या दोघांना आत बोलावून जेवायला वाढलं आणि कागदावर पुढचे वार लिहून दिले. तो कागद अजून त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे, हेस्कॉमच्या बिलाशेजारी.